भेगांतल्या पाण्याचं गणित

घनाचा नियम : खडकातल्या समांतर, गुळगुळीत भिंतींच्या भेगेची रुंदी दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह आठपट होतो.

दाट भेगा : सगळा खडकच सच्छिद्र मानून दार्सीचा १८५६ चा नियम (प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात) लावतात.

दुहेरी सच्छिद्रता : भेगा पाणी वाहून नेतात, मधला खडक साठवतो. वॉरेन आणि रूट यांनी १९६३ मध्ये तेलसाठ्यांसाठी मांडलेलं हे प्रारूप भूजलालाही लागू पडतं.

विरळ भेगा : प्रत्येक भेगेची दिशा, लांबी, रुंदी संगणकात भरतात. जमिनीखालच्या सगळ्या भेगा मोजता येत नाहीत. म्हणून संख्याशास्त्राच्या आधारे अनेक संभाव्य जाळी तपासतात.

आपल्याकडे : महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग भेगाळ बेसाल्ट खडकाचा. भेग लागली तर बोअरला पाणी, हुकली तर तिच्या अगदी शेजारची बोअरही कोरडी.