चेंडू झेलतां येणें

आपल्या घरांत सहा-सात वर्षांचें मूल असेल तर आज सायंकाळीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. चार-पांच पावलांवर उभे राहून त्याच्याकडे एक मऊ चेंडू हलकेच टाका. कांहीं मुलें तो बोटांत अलगद धरतील. कांहीं दोन्ही हात पसरून तो छातीशीं कवटाळतील. आणि एखादें मूल चेंडू जवळ येतांच मान फिरवून डोळे मिटून घेईल. ह्या तिसऱ्या मुलाविषयीं मला आज बोलावयाचें आहे. कारण शाळेंतील व्यायामाचा तास ज्याच्यासाठीं असावयास हवा तें मूल हेंच, आणि त्या तासांत ज्याच्या वांट्याला सर्वांत थोडें येतें तेंही हेंच.

धांवणें, उड्या मारणें, फेंकणें, झेलणें ह्या गोष्टी मुलांना उपजतच येतात, त्या शिकवावयाच्या काय, असा आपणांपैकीं पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. चालणें व साधें धांवणें वयाबरोबर येतें. परंतु नेमका चेंडू फेंकणें, झेलणें, एका पायावर तोल सांभाळणें, उंचावरून उडी घेऊन न धडपडतां उतरणें, हीं कौशल्यें अक्षरांसारखींच आहेत; शिकविलीं व गिरविलीं तर येतात, नाहीं तर अर्धवट राहतात. मुलाच्या हातीं पुस्तक देऊन 'वाच' असें कोणी म्हणत नाहीं. व्यायामाच्या तासाला मात्र चेंडू हातीं देऊन 'खेळा' म्हटलें कीं शिकविणें झालें, असें आपण समजतों.

फेंकण्याचेंच उदाहरण घेऊं. लहान मूल प्रथम चेंडू फेंकतें तें नुसत्या हातानें. पाय जागच्या जागीं, छाती समोर, जणूं कोणाला कांहीं देऊन टाकावें तसें. पुढें तें एक पाऊल टाकूं लागतें, परंतु बहुधा ज्या हातानें फेंकावयाचें त्याच बाजूचें. शेवटच्या पायरीवर उजव्या हातानें फेंकतांना डावें पाऊल पुढें जातें, अंग आधीं मागें वळतें, आणि मग कंबर, खांदा व हात एकामागून एक सुटतात. कित्येक माणसें मोठीं होऊनही दुसऱ्या पायरीवरच राहिलेलीं असतात. 'डावा पाय पुढें' हे तीन शब्द त्यांना कोणीं वेळेवर सांगितलेले नसतात. हे तीन शब्द सांगावे, आणि त्या दिवशीं तेवढेच सांगावे. एकदम सात सूचना दिल्या तर मूल गोंधळतें व एकही पाळीत नाहीं. जमिनीवर खडूनें डाव्या पावलाची आकृति काढली तर तीन शब्दही लागत नाहींत. आणखी एक गोष्ट अशी कीं, आरंभीं नेम मागूं नये. 'भिंतीवर जोरानें मार' असें सांगावें. नेम चुकण्याची भीति असली कीं मूल अंग आखडून घेतें, हात पुरता मागें नेत नाहीं. जोर मागितला कीं सारें शरीर आपोआप कामाला लागतें, आणि नेम मागाहून सुधारतां येतो.

झेलण्याची गोष्ट याहून नाजूक. डोळे मिटणारें मूल भित्रें आहे असें समजूं नका. चेंडूच्या गतीचा अंदाज त्याच्या डोळ्यांना अजून नीट येत नाहीं, आणि कठीण चेंडू नाकावर आपटल्याची आठवण बहुधा ताजी असते. त्याला प्रथम फुगा द्यावा. फुगा सावकाश उतरतो, डोळ्यांना त्याच्या मागें जावयास वेळ मिळतो, आणि तो चुकला तरी लागत नाहीं. त्यानंतर चिंध्यांचा चेंडू, व मग रबराचा. चेंडू छातीच्या वर आला तर बोटें आकाशाकडे, कंबरेच्या खालीं आला तर जमिनीकडे, एवढें ध्यानांत राहिलें कीं महिन्याभरांत फरक दिसतो.

आतां हें शाळेंत कां होत नाहीं? माझ्या शाळेंत, तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, चेंडू मारून गडी बाद करण्याचा खेळ असे. चेंडू लागला कीं गडी बाहेर. मी पहिल्या पांच मिनिटांतच बाहेर जात असें आणि उरलेला तास कुंपणाजवळच्या एका दगडावर बसून इतरांचा खेळ पाहत असें. तो दगड मला अजून आठवतो. खेळ मात्र फारसा आठवत नाहीं. ज्याला सराव हवा तो बसलेला, आणि ज्याला तितकासा नको तो खेळतो आहे, असा तो सारा न्याय. हाच न्याय गणिताच्या तासाला लावला, पहिलें उदाहरण चुकलेल्या मुलाला उरलेला तास खिडकीपाशीं बसवून ठेवलें, तर आपण पालक दुसऱ्याच दिवशीं मुख्याध्यापकांच्या खोलींत जाऊन उभे राहूं. खेळ मोडावयास नको. बाद झालेल्या गड्यानें दहा उड्या मारून परत आंत यावें, एवढा नियम बदलला तरी पुरे.

दुसरी अडचण चेंडूंची. चाळीस मुलें एका रांगेंत, चेंडू एक. प्रत्येक फेंकीला पंधरा सेकंद धरले तर अर्ध्या तासांत एकशेंवीस फेंकी होतात, म्हणजे दर मुलाला तीन. तींच मुलें दोघां-दोघांच्या जोड्या करून वीस चेंडूंनिशीं उभीं केलीं, व फेंकीला पांच सेकंद धरले, तर दहा मिनिटांत प्रत्येकाला साठ फेंकी मिळतात. वीस चेंडू आणावयाचे कोठून, असें शाळा विचारील. जुने पायमोजे चिंध्यांनीं भरून तोंड शिवून टाकले कीं चेंडू झाला. प्रत्येक घरानें एक द्यावा. हा खर्चाचा प्रश्न नव्हे, हौसेचा आहे.

कौशल्य व प्रकृति ह्या दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या. परंतु लहानपणीं त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ज्याला खेळ येत नाहीं तो खेळत नाहीं, जो खेळत नाहीं त्याचा दम वाढत नाहीं, आणि दम नसला कीं खेळ आणखीच नकोसा होतो. दहाव्या-अकराव्या वर्षीं मूल 'मला खेळ आवडत नाहीं' असें म्हणतें, तेव्हां पुष्कळदां त्याला 'मला येत नाहीं' असें म्हणावयाचें असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं दररोज सरासरी ६० मिनिटें श्वास वाढविणारी हालचाल सांगितली असून, आठवड्यांतून निदान तीन दिवस तींत जोराची व स्नायु-हाडें बळकट करणारी हालचाल असावी असें म्हटलें आहे. शाळेचा तास एकटा हें माप भरून काढूं शकत नाहीं. तो मुलाला पुढें संध्याकाळीं अंगणांत किंवा गच्चीवर स्वतःहून खेळावेंसें वाटेल इतकें समर्थ करूं शकतो. म्हणूनच शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारावयास लावण्याची चाल मला अगदीं नापसंत आहे. लहान मुलाची प्रकृति भरधांव पळून थांबावें, पुन्हां पळावें अशी असते. त्या झपाट्यांतूनच त्याचा दम वाढतो. धांवणें म्हणजे दंड, असें एकदां मनांत बसलें कीं तें सहजासहजीं निघत नाहीं.

आपल्याकडील परंपरा याबाबतींत दरिद्री नाहीं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार रूढ केले. पुण्यास १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ निघालें. नमस्कारांनीं अंग लवचिक होतें, हात-पाठ सुदृढ होतात. कवायतीनें शिस्त येते. परंतु सर्वांनीं एकाच वेळीं एकच हालचाल करणें आणि येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेऊन स्वतः हालणें यांत अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट पहिलीनें भरून निघत नाहीं.

परीक्षेविषयीं थोडेंसेंच. 'खेलो इंडिया' योजनेंतील चांचणींत धाकट्या वर्गांसाठीं उंची-वजनाच्या प्रमाणाखेरीज एका पायावर तोल सांभाळणें व दोन चकत्यांवर आळीपाळीनें झपाट्यानें हात आपटणें एवढेंच आहे. ५० मीटर धांव, ६०० मीटर धांवणें-चालणें वगैरे थोरल्या मुलांसाठीं आहे. ही निवड मला शहाणपणाची वाटते. मात्र हे आंकडे वर्गापुढें वाचून दाखवूं नयेत. मुलाच्या जूनमधील आंकड्याशेजारीं त्याचाच डिसेंबरमधील आंकडा मांडावा. शेजारच्या मुलाचा नव्हे.

आणि तोलासाठीं वेगळें साधन कशास हवें? आपली लंगडी आहे. एका पायावर उडी घेऊन त्याच पायावर उतरतांना पोटरी, गुडघा, घोटा व कंबर यांना जो भार झेलावा लागतो, त्यानें वाढत्या हाडांस बळकटी येते. शिवाय पळणाऱ्या गड्यावर नजर ठेवून तोल सांभाळणें ही साधी गोष्ट नव्हे. लंगडींत एकच उणीव माझ्या पाहण्यांत आली आहे. मूल नेहमीं आपल्या आवडत्या पायावरच लंगडी घालतें, व दुसरा पाय तसाच अडाणी राहतो. तेव्हां उद्यां आपल्या घरच्या गच्चीवर लंगडीचा डाव रंगला तर एक डाव उजव्या पायावर झाल्यावर पुढचा डाव्या पायावर खेळावयास सांगा. प्रारंभीं सगळींच पडतील, आणि सगळींच हंसतील. त्या डावांत तें डोळे मिटणारें मूलही इतरांच्या बरोबरीनेंच असेल.