विजेच्या डबीने गाडीचा गंज थांबतो का?

नवी मोटार घ्यायला गेलं, की विक्रेता गाडीच्या किमतीवर आणखी एक यादी पुढे सरकवतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सीटची कव्हरं, रंगावरचा जादा थर, अमुक अन् तमुक. कॅनडा-अमेरिकेत या यादीत कधी कधी एक विजेची डबीही असते. तुमची लेक किंवा भाची टोरांटोला असेल, तर तिलाही ती दाखवली गेली असेल. डबी बॅटरीला जोडायची, तारा पत्र्याला लावायच्या, की गाडी गंजायची नाही म्हणे! किंमत मात्र कित्येकशे डॉलर. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून गंजून जातात, तेव्हा मोह पडणारच. पण तिने ही डबी घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

गंमत अशी, की डबीमागचं मूळ शास्त्र खोटं नाही. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. ते तुकडे झिजतात, तांबं वाचतं. तुमच्या न्हाणीघरातल्या गीझरच्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, तीही हेच काम करते. जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळांना तर बाहेरून वीज देऊन वाचवतात.

मग गाडीचंच काय बिघडलं? अहो, या विजेला आपला फेरा पुरा करायला ओली वाट लागते. जहाज समुद्रात, कांडी पाण्यात, नळ ओल्या मातीत. गाडी उभी हवेत! पावसात भिजली तरी इथे थेंब, तिथे कोरडं. मडगार्डाला लावलेल्या तारेचा परिणाम दाराच्या तळाशी साचलेल्या पाण्यापर्यंत पोचणार कसा? 'आमची डबी पत्र्यात इलेक्ट्रॉन भरते' असंही सांगतात. फेराच पुरा होत नसेल, तर नुसतं भरून काय उपयोग?

अमेरिकेत १९९० च्या दशकात 'रस्ट इव्हेडर' नावाच्या अशाच डबीची जाहिरात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने खोटी ठरवली होती.

तरीही 'आम्ही लावली, पाच वर्षांत डाग नाही' असं सांगणारे भेटतातच. आताच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्याला कारखान्यातच जस्ताचा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे डबी नसती तरी डाग दिसला नसता. राबणारी एक आणि कौतुक दुसरीचं, हे आपल्याला का नवं आहे?

आपल्याकडे बर्फ नाही, पण मुंबई-रत्नागिरीची खारी हवा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे. तेव्हा पैसा आणि लक्ष योग्य जागी घाला. समुद्रावर जाऊन आलात, की गाडी खालूनसुद्धा गोड्या पाण्याने धुवून घ्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. काडीने मोकळी करा. पायाखालच्या चटया उचलून वाळवा, कारण ओल तिथेच मुरते. रंगाचा टवका उडाला तर दिवाळीची वाट पाहू नका, लगेच रंग लावून घ्या. आणि ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं आच्छादन घट्ट बांधून ठेवू नका. आधी ती वाळू द्या.