परसातलं जुनं नाणं

लातूर जिल्ह्यातल्या देवणी, वलांडी, बोरोळ या भागात जुनी माळवदं उतरवून स्लॅबची घरं उभी राहताहेत. पाया घेताना, परसात शोषखड्डा खणताना एखादं काळपट-हिरवं नाणं मातीसोबत वर येतं. मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो, म्हणून मुद्दाम शोधायचा मोहही होतो. त्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

सापडतं ते बहुधा निजामाचं

१९५६ पर्यंत हा भाग बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या बाजारात चालायचा तो हाली सिक्का. विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर कोरलेलं दिसतं: मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’, १९११ नंतरच्या मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. एवढ्या एका अक्षरावरून नाणं कोणत्या निजामाचं ते कळतं. साल हिजरी असतं, म्हणजे १३३० दिसलं तर ते १९११-१२. हा रुपया सव्वाअकरा ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. कलदार म्हणजे इंग्रजी रुपयापेक्षा त्यात चांदी कमी, म्हणून सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये मोजावे लागत.

त्याहून जुनं नाणंही मिळू शकतं. बहमनींची राजधानी बीदर इथून जवळ, आणि त्यांची तांब्याची नाणी या पट्ट्यात चालत होती.

यंत्र काय ओळखतं, काय नाही

यंत्राच्या खालच्या चकतीतली तार जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू आडवा आला की त्यात वीज फिरते, ती दुसरी तार टिपते आणि आवाज येतो. एकट्या नाण्यासाठी याची पोच साधारण वीतभर. आपली काळी माती बेसॉल्टची. तिच्यातले लोहकण यंत्राला सतत चाळवतात, म्हणून आधी ते त्या जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. शिवाय गुराढोरांच्या या मुलखात परस म्हणजे लोखंडाचं कोठार. बैलाच्या पायाची पत्री, खिळे, फाळाचा तुकडा, वखराची पास, बाटलीची टोपणं, गुटख्याच्या पुडीची चंदेरी चिंधी यांपैकी काहीही वाजतं. सोनं असल्याची खात्री कोणतंही घरगुती यंत्र देत नाही.

पांढऱ्या मातीचा घोटाळा

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. माळवदावर टाकायची पांढरी माती गढीवरून किंवा जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून आणली जाई. अशा पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, खापरं, मणी आणि नाणीही असतात. ती माती छतावर गेली, घर पडल्यावर परसात आली. तेव्हा परसात सापडलेलं नाणं त्या घराचं असेलच असं नाही. ते कोणत्या थरात, किती खोल, कशाच्या सोबत होतं, यावरूनच त्याचा प्रवास सांगता येतो. नाणं उपसून खड्डा बुजवला की ही माहिती कायमची गेली. म्हणून उचलण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, खोली मोजा, आजूबाजूची खापरं तिथेच राहू द्या.

कायदा

जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही मर्यादा तेव्हाची आहे. आज चांदीचा एकच हाली रुपया ती ओलांडतो. कळवल्यावर वस्तू सरकारी कोषागारात ठेवावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. मग जाहीर नोटीस निघते. वस्तूचा मालक पुढे आला नाही आणि सापडवणारा व जागेचा मालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जागामालकाला मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ती घेता येते. लपवली तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत खोदकामात मजुरांना सापडलेली सोन्याची २१६ नाणी पोलिसांनी जप्त केली. वजन दोन किलोंच्या वर. ती मजुरांनी कळवली असती तर कायद्याने त्यांना हिस्सा मागता आला असता.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. संरक्षित किल्ला, लेणी, देऊळ यांच्या आवारात परवानगीशिवाय खोदणं गुन्हाच.

मांत्रिकाला दारात उभं करू नका

‘तुमच्या घरात हंडा आहे’ म्हणत येणारा माणूस पैसे उकळायलाच आलेला असतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. तक्रार थेट पोलिसांत द्या.

नाणं हाती आल्यावर

चिंच, राख, लिंबू, ब्रश काही लावू नका. तांब्यावरचा हिरवा थर घासला की अक्षरंही जातात. कोरड्या कागदात गुंडाळा, वर गावाचं नाव, जागा, खोली आणि तारीख लिहा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे केलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या पांढरीत आणि शिवारात मिळालेल्या वस्तू जन्मभर गोळा केल्या. त्यातून उभं राहिलेलं संग्रहालय आज सरकारचं आहे आणि तेर म्हणजेच प्राचीन तगर नगरीचा अभ्यास करणारे तिथे जातात. देवणी तालुक्यातही गावोगावच्या शाळांनी सापडलेल्या नाण्यांची साधी नोंदवही ठेवायला हवी. इतिहासाच्या शिक्षकांनी हे काम येत्या उन्हाळ्यात, पाये खोदण्याच्या दिवसांतच सुरू करावं.