अजव्याचं पाणी आणि नव्या सोसायटीचा नळ

मंडळाच्या मागच्या बैठकीत अजवा तलावावर वाचन झालं आणि नंतर चहाच्या वेळी एक प्रश्न निघाला. सयाजीरावांनी शहराला नळ दिले ते सरकारी तिजोरीतून, मग आज भायली-सेवासीकडच्या नव्या सोसायटीला नळ हवा असेल तर त्याचे पैसे कुणी द्यायचे? जुन्या वडोदऱ्यातले म्हणतात, 'आम्ही इतकी वर्षं पट्टी भरली, यांची पाइपलाइन आम्ही का घालायची?' नवे म्हणतात, 'आम्हीही वेरा भरतो की!' दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या खर्चाबद्दल बोलताहेत.

नळाचा खर्च एक नसतो. आधी उगम, म्हणजे तलाव किंवा विहीर. मग तिथून शहरापर्यंतची मोठी वाहिनी. मग शहरातून नव्या वस्तीच्या तोंडापर्यंतची वाहिनी. शेवटी गल्लीतून घरात येणारा जोड. शेवटचा जोड घरमालकाचा, याबद्दल कुणाचं भांडण नसतं. उगमाचं उत्तर आपल्याकडे 1885 सालीच मिळालं. अजव्याचं काम तेव्हा सुरू झालं, 1892 साली पाणी शहरात आलं आणि तीस लाखांवर रुपये संस्थानाने घातले. शहराची वस्ती 1891 साली सव्वा लाखसुद्धा नव्हती. वर छपन्याचा दुष्काळ पडला आणि 1901 च्या शिरगणतीत ती 1,03,790 वर आली. म्हणजे तलाव झाला आणि पिणारे कमी झाले! त्या वेळच्या नळवाल्यांवर हा सगळा खर्च वाटला असता तर कुणाला परवडला असता? पुढे जन्माला येणाऱ्यांसाठी केलेला खर्च तिजोरीनेच उचलायचा असतो, असं माझं मत आहे. पुढे महीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायका, दोडका इथल्या फ्रेंच विहिरी झाल्या, त्याही साऱ्या शहराच्या म्हणूनच.

खरी अडचण तिसऱ्या टप्प्यात आहे. समजा, मुख्य वाहिनीपासून सहाशे मीटरवर एक सोसायटी झाली. तिला 100 मिलिमीटरचा पाइप पुरतो. पण मागे शेतं आहेत आणि तिथेही उद्या घरं होणारच. शहाणा इंजिनिअर 200 चा पाइप घालायला सांगेल. व्यास दुप्पट झाला तर तेवढ्याच उतारावर पाणी सहापटीच्या आसपास वाहतं. खर्च मात्र सहापट होत नाही, कारण चर तोच खोदायचा, रस्ता तोच पुन्हा करायचा. आकडे नुसते समजण्यापुरते घ्या: लहान पाइप 10 लाख, मोठा 16 लाख. वरचे 6 लाख पहिल्या सोसायटीकडून घेतले तर तो अन्याय. आणि घेतले नाहीत म्हणून लहानच पाइप घातला, तर दहा वर्षांनी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

यातून निघायला एक सरळ हिशेब आहे. पहिल्याने 10 द्यावेत, 6 पालिकेने अडकवून ठेवावेत. पुढे तशाच तीन सोसायट्या आल्या की 16 भागिले चार, प्रत्येकी 4 लाख. प्रत्येक येणाऱ्याने आपला वाटा भरायचा. त्यातून पालिकेचे सहा सुटतात आणि पहिल्याला सहा परत मिळतात. मेख एकच: वही कुणीतरी वीस वर्षं सांभाळली पाहिजे. माझ्या सोसायटीत बिल्डरने 'डेव्हलपमेंट'च्या नावाने पैसे घेतले. त्यातले पाण्याचे किती, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वही तर दूरच राहिली.

दुसरी वाट कायद्यात आहे, आणि इतिहासवाल्यांना ती रुचावी. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा 1915 साली झाला. बडोदा 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामुळे 1954 चा मुंबईचा कायदा आपल्यालाही लागू झाला. तोच धागा गुजरातच्या 1976 च्या कायद्यात आहे (महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातही आहे). टी. पी. स्कीममध्ये सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, भूखंड नव्याने वाटतात. मग योजनेमुळे भूखंडाची किंमत किती वाढली ते काढतात आणि त्या वाढीच्या अर्ध्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेता येते. म्हणजे माणशी नाही, घरटी नाही, तर जितका फायदा तितका वाटा. मला ही रीत घरटी पट्टीपेक्षा न्याय्य वाटते. कारण नळ आल्याने सगळ्यात आधी महाग होते ती जमीन, आणि ती बहुतेक वेळा नळाखाली कळशी लावणाऱ्याची नसते. खोट इतकीच की किमती योजना जाहीर झाल्या दिवसाच्या धरतात आणि योजना पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर जुन्या रुपयांतल्या त्या वाट्यातून पाइपसुद्धा धड येत नाही.

भायली, सेवासी, बिल ही गावं 2020 मध्ये पालिकेच्या हद्दीत आली. त्यांचा हिशेब करताना चारही टप्पे वेगळे मांडले तर निम्मी भांडणं मिटतील. कुणाकडे जुन्या टी. पी. स्कीमची मागणी-नोटीस किंवा सोसायटीच्या पहिल्या नळजोडाची पावती असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मूळ कागद नको, फोटो चालेल.