शेगडी तीच, खोली मात्र बदलली

आमच्या निफाड तालुक्याला थंडीची ओळख करून द्यावी लागत नाही. पौषातल्या काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवतात, आणि माझ्या दवाखान्यात सांधेदुखी, दमा व रक्तदाबाच्या रुग्णांची गर्दी वाढते. घरातील ज्येष्ठांना उबेत ठेवण्याची धडपड या दिवसांत सर्वत्र चाललेली असते. ती आवश्यकच आहे. उतारवयात थंडीची जाणीव मंदावते, त्वचेखालची चरबी कमी झालेली असते आणि शरीराला ऊब देणारी हुडहुडीसुद्धा पुरेशी भरत नाही. परंतु ऊब देणारे साधनच जिवावर कसे उठते, याचा एक अनुभव सांगितला पाहिजे. त्यात चूक माझीही होती.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू डोकेदुखीची तक्रार घेऊन आल्या. सकाळी उठल्यावर डोके ठणकायचे, मळमळायचे, हातपाय गळून गेल्यासारखे वाटायचे. रक्तदाब किंचित वाढलेला होता. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने त्या पुन्हा आल्या, या वेळी सोबत काका होते. “डॉक्टरसाहेब, हिचं तर आहेच, पण हल्ली सकाळी माझंही डोकं जड असतं,” ते सहज बोलून गेले. दोघांचे डोके एकाच वेळी, तेही सकाळीच का दुखावे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. काकूंनी तर आणखी एक खूण सांगितली होती : देवळात जाऊन आले की बरे वाटते. मी ती भक्तीच्या खात्यावर जमा केली.

चार दिवसांनी भल्या पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला. आई न्हाणीघराकडे जाताना कोसळली होती आणि वडील हाका मारूनही नीट जागे होत नव्हते. मी पोहोचलो तेव्हा खोली उबदार होती. खिडकीच्या काचा घट्ट सरकवलेल्या, दाराखालच्या फटीत जुने लुगडे कोंबलेले आणि पलंगाजवळ राखेने झाकलेली कोळशाची शेगडी. मुलाने आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. त्यावर ९८ आकडा दिसत होता. “ऑक्सिजन तर उत्तम आहे, मग झालं काय?” त्याने विचारले.

झाले होते ते कार्बन मोनॉक्साइडमुळे. लाकूड, कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही की ठसकाही आणत नाही. धूर निघून गेल्यावर निखारे लालबुंद झाले म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तेच निखारे हा वायू मोठ्या प्रमाणात सोडत असतात. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे तो प्राणवायूची जागा बळकावतो. मेंदू आणि हृदय उपाशी राहू लागतात, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी झोप अधिकच गाढ होत जाते. ज्येष्ठांना आधीच हृदयविकार किंवा रक्तक्षय असेल तर थोडा वायूही पुरेसा ठरतो.

ऑक्सिमीटरविषयी येथे थोडे थांबून सांगतो, कारण करोनानंतर तो घराघरांत आहे आणि त्याच्यावरचा विश्वासही दांडगा आहे. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून प्राणवायूचे प्रमाण ताडते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला लालच दिसते. म्हणून माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतानाही आकडा ९८ राहू शकतो. अशा वेळी यंत्रापेक्षा खोलीकडे पाहावे.

आम्ही दारे-खिडक्या उघडल्या, दोघांना ओसरीत आणले, माझ्याकडच्या सिलिंडरने मुखवट्यातून प्राणवायू सुरू केला आणि नाशिकला हलवले. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम साधारण तासा-दीड तासात होते. दोघेही वाचले. काकूंना मात्र पुढे काही आठवडे विसरायला होत असे. चहात साखर घातली की नाही, हे त्या दोनदा विचारत.

बऱ्या झाल्यावर त्यांनी मला जो प्रश्न केला, तो रास्त होता. “आमच्या सासूबाईंनी याच शेगडीवर माझी तीन बाळंतपणं शेकली. तेव्हा कसं काही झालं नाही?” त्याचे उत्तर शेगडीत नव्हते, घरात होते. जुन्या घराच्या कौलांतून आणि दाराच्या फळ्यांतून वारा अखंड ये-जा करीत असे. दोन वर्षांपूर्वी हे दांपत्य मुलाने बांधलेल्या घरात राहायला आले. तेथे वर काँक्रीटचा स्लॅब, सरकत्या काचा आणि वाऱ्याला शिरायला एकच फट. तीही काकूंनी लुगड्याने बुजवली. बागेतली शेकोटी कुणाला बाधत नाही, कारण तिच्यावर आभाळ असते.

हा दोष एकट्या कोळशाचा नव्हे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक थंडीमुळे एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि त्यांतले कुणीही उठले नाही. त्यांत चार मुले होती. आपल्याकडे हीच गोष्ट न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे घडते. वारा नको म्हणून झडप लावायची, कडी घालायची आणि गीझर चालू ठेवून सावकाश अंघोळ करायची, म्हणजे स्नान करणारा आणि ज्योत दोघेही त्याच मूठभर हवेवर जगू पाहतात. मग चक्कर येते, आणि घरचे लोक तिला फीट किंवा हृदयविकाराचा झटका समजतात. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या सज्जात बसवावा. तो हलवेपर्यंत आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, झडप उघडी ठेवावी आणि मगच ज्येष्ठांना आत पाठवावे, तेही आतून कडी न लावता. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर कारागिराला बोलवायला उशीर करू नये. खोलीत पाण्याचे भांडे ठेवले म्हणजे ‘गॅस शोषला जातो’ हा समज अनेक सुशिक्षित घरांतही ऐकतो. त्या पाण्याने हवेत थोडा ओलावा येतो, एवढेच.

विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, म्हणून शयनगृहासाठी मी तोच सुचवतो. त्याच्या अडचणी निराळ्या. दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. दिवा-पंख्याचे सॉकेट सहा अँपिअरचे असते. एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेल्या हीटरचे प्लग वितळलेले मी पाहिले आहेत. मोठ्या सॉकेटवर, गोधडी व पडद्यांपासून किमान तीन फूट दूर, आणि निजण्यापूर्वी तासभर लावून मग बंद, एवढी शिस्त पुरते. गरम पाण्याच्या पिशवीने मधुमेही आजोबांच्या तळपायाला भाजल्याचे रुग्ण मात्र दर हिवाळ्यात येतात. पायाची संवेदना गेलेली असल्याने त्यांना चटका कळतच नाही. पिशवी अंथरुणात आधी ठेवावी आणि पाय आत घेण्यापूर्वी काढून घ्यावी. अंगावर एकाच जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे, पायमोजे आणि कानटोपी यांनी रात्र बरीच सुसह्य होते.

एखाद्या खोलीत कुणी गुंगलेले आढळले, तर कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्यावर आणावे, १०८ ला फोन करावा आणि येणाऱ्या डॉक्टरांना ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गीझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. रक्ताची योग्य तपासणी त्यावरूनच सुचते. बाहेर गेल्यावर ओसरणारी डोकेदुखी, घरातल्या दोघा-तिघांना एकदमच होणारी मळमळ, आणि या तक्रारी थंडीतच उद्भवणे, हेही न विसरता सांगावे.

माझ्यापुरता एक बदल झाला आहे. मार्गशीर्षापासून माघापर्यंत डोकेदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला, रक्तदाबाचा पट्टा बांधण्यापूर्वीच, मी विचारतो : “रात्री खोलीत काय पेटवता?”