गुराबेची लाकडी प्रतिकृती : मराठा आरमाराच्या अभ्यासाचे एक साधन

प्रस्तावना :
कान्होजी आंग्रे यांनी १७१४ मध्ये सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले, हे आपले विद्यार्थी वाचतात. परंतु त्यांची जहाजे कशी होती, याची कल्पना समुद्रापासून दूरच्या आपल्या भागात सहसा येत नाही. लाकडी प्रतिकृती ही उणीव भरून काढू शकते. मात्र ती पुराव्यावर आधारलेली असावी.

पुरावा :
कोकणातील जहाजे कागदी आराखड्यापेक्षा कारागिराच्या अनुभवावर बांधली जात. म्हणून समकालीन वर्णने महत्त्वाची ठरतात. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या मते दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद व उथळ बांधणीची असून तिची नाळ पुढे निमुळती होत जाई. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. गलबत सहसा ७० टनांपेक्षा मोठे नसे. त्यास ४० ते ५० वल्ही असत.

या रचनेत युद्धतंत्र दडलेले आहे. वारा पडला की गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या जहाजामागे येऊन नाळेवरील तोफा डागल्या जात. प्रतिकृतीला युरोपीय जहाजाची उंच, गोलाकार नाळ दिल्यास हे तंत्रच अनाकलनीय होते. म्हणजे ही चूक केवळ सजावटीची न राहता इतिहासाची होते.

बांधणी :
१:४८ हे प्रमाण घेतल्यास १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो. तशी एक मूर्ती तक्तपोशीवर ठेवली की तोफा, कठडे व वल्ही यांची मापे ताडून पाहता येतात. मूळ जहाजे सागवानाची असली तरी लहान आकारात सागाचे रेषे भरड दिसतात. हळदूसारखे बारीक पोताचे लाकूड अधिक योग्य. एका बाजूच्या फळ्या न लावता आतील सांगाडा उघडा ठेवावा. जो भाग अनुमानाने केला असेल तो रंगवू नये, म्हणजे पुरावा व तर्क यांतील सीमारेषा पाहणाऱ्यास स्पष्ट दिसेल.

निष्कर्ष :
आराखड्यावाचून जहाज उभे करता येते, हे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाने दाखविले. अजिंठ्यातील चित्र हा त्याचा आधार होता आणि आयआयटी मद्रास येथे त्याच्या प्रतिकृतीची चाचणी घेण्यात आली. इतिहास, भौतिकशास्त्र व गणित या विभागांनी एकत्र येऊन महाविद्यालयात गुराब घडविल्यास विद्यार्थी पुराव्याची पारख हाताने शिकतील.