हुबळी ते वरळी

हुबळीच्या देशपांडे नगरात उभे राहून पायाखालच्या खडकाचे नाव विचारले, तर उत्तर शेजारच्या गावाचे नाव घेऊन येते: धारवाड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८०च्या दशकात दक्षिणेतल्या या प्राचीन खडकांना ते नाव दिले आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत ते कायमचे रुजले. वय अडीच अब्ज वर्षांहून अधिक. या खडकात हाड किंवा शिंपला शोधायला जाऊ नये. तेव्हा पृथ्वीवर फक्त सूक्ष्मजीव नांदत होते.

पुण्याकडे जाणारी गाडी लोंढा ओलांडून बेळगावाकडे येते, तशी जमीन पालटते. तिथून पुढे आपल्या ओळखीचा काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट. एका दिवसाच्या प्रवासात प्रवासी जवळपास अडीचशे कोटी वर्षे ओलांडतो. प्राणी जन्मले, जमिनीवर आले, आणि पाच वेळा घाऊक मेले, ते सगळे या अंतरातच.

त्यांतला सर्वांत भीषण संहार २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. सैबेरियात लाव्हा वाहिला, हवा तापली, समुद्रातला प्राणवायू घटला. दहातल्या आठ-नऊ समुद्री जाती गेल्या. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या ग्लोसोप्टेरिसच्या रानांतून तयार झाला, ते झाडही या संहारात संपले.

शेवटचा संहार ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो आपल्या घाटांत लिहिलेला आहे. मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे लघुग्रह आदळला, त्याच सुमारास दख्खनमध्ये थरावर थर लाव्हा पसरत होता. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. २०१९ साली दोन संशोधक गटांनी या थरांची वये बारकाईने मोजली. एकाच्या मते मोठा उद्रेक संहाराच्या थोडा आधी झाला, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा नंतर आला. मुख्य घाव लघुग्रहाचा, हे बहुतेकांना पटते. तरी सह्याद्रीएवढा लाव्हा हिशेबाबाहेर ठेवणे घाईचे ठरेल.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात त्या काळाची एक विलक्षण खूण मिळते: डायनासोरची दगड झालेली विष्ठा. २००५ साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा गवताच्या पेशींतले वाळूसारखे बारीक कण दिसले. त्यांतले काही भात आणि बांबूच्या जवळचे. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होते, असा ठोस पुरावा हाती नव्हता. खाणारा गेला, गवत मात्र तगले. धारवाडच्या काळ्या रानातला जोंधळाही गवताच्याच कुळातला.

आणि लाव्हा निवल्यावर? मुंबईचे लाव्हाथर संहारानंतरचे आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत वरळीला उथळ पाणथळ जागा होती. तिथल्या काळ्या खडकात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. डायनासोर नसलेल्या जगात, पुढचा लाव्हा येईपर्यंत, ते बेडूक तिथे राहत होते.